टोपलीखालचं सुदर्शन

वैशाख शुद्ध चतुर्थीच्या सकाळी यज्ञेश्वरशास्त्री परसात राखुंडीने दात घासत उभे होते. सहज समोर पाहतात तो सुदर्शनाच्या कांद्याने दांडा वर काढलेला. चांगला वीतभर, अंगठ्याएवढा जाड, आणि टोकाला कळ्यांचं गाठोडं. शास्त्रीबुवांचं बोट दातांवरच थांबलं.

आता परसात फूल येणार म्हटल्यावर माणसाला बरं वाटावं. शास्त्रीबुवांना घाम फुटला. त्याचं कारण नारायण पेठेतल्या त्या आळीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त शास्त्रीबुवांच्या तोंडावर कुणी बोलत नसे.

तो कांदा तीन वर्षांपूर्वी हडपसरच्या गेनबा माळ्याने शास्त्रीबुवांच्या पत्नीला, वेणूबाईंना, आणून दिला होता. थंडीत त्याची पानं वाळून जात, मग उन्हाळाभर तो मातीत नुसता पडून राही, आहे की मेला तेही कळू देत नसे. आणि एखाद्या दिवशी अचानक दांडा काढी. दांडा निघाला की तीन दिवसांत वळीव हजर. दोन वर्षं हे असं बिनचूक घडलं होतं. त्याच दोन वर्षांत शास्त्रीबुवांनी ज्योतिषी या नात्याने पावसाबद्दल जे जे सांगितलं, ते ते चुकलं होतं. पहिल्या वर्षी त्यांच्यावर विसंबून आळीभरच्या कुरडया भिजल्या. दुसऱ्या वर्षी बायकांनी कांद्यावर भरवसा ठेवला आणि कुरडया कोरड्या राहिल्या. तेव्हापासून माळवदावर वाळवण घालायच्या आधी प्रत्येक बाई परसाच्या भिंतीवरून डोकावून विचारी, "वेणूबाई, कांदा काय म्हणतो?"

"गप्प आहे," असं वेणूबाई म्हणाल्या की मगच चीक शिजायला ठेवायचा. आत ओटीवर पंचांग उघडं असे, पंचांगापुढे शास्त्रीबुवा बसलेले असत, पण त्यांना कुणी विचारत नसे.

हेही त्यांनी गिळलं असतं. पण यंदा पाडव्याला शिलेदार सर्जेरावांच्या वाड्यावर पंचांग वाचताना त्यांची जीभ घसरली. "वैशाखी पौर्णिमेपर्यंत पुण्यावर पावसाचा थेंब पडणार नाही," एवढं त्यांच्या गणितातून निघत होतं. पुढचं त्यांनी पदरचं घातलं. "पडला, तर हा यज्ञेश्वर पुन्हा पंचांग हातात धरणार नाही." सर्जेराव शंभर घोड्यांचे धनी. असली भाषा त्यांना फार आवडे. त्यांनी तिथल्या तिथे लेकीच्या लग्नाची तिथी पक्की केली, वैशाख शुद्ध सप्तमी, आणि पागेसमोरच्या उघड्या मैदानात हजार पानांचा मांडव घालायला सांगितलं.

आज चतुर्थी. तीन दिवस मिळवले की सप्तमी येते, हे कळायला ज्योतिष शिकावं लागत नाही.

शास्त्रीबुवा हातावर हात ठेवून बसले होते, असं मात्र कुणी म्हणू नये. पाडव्याला बोलून तर गेले, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांना आपल्याच गणिताचा भरवसा वाटेना. म्हणून ते रोज सकाळी देवघराचं दार लावून गुपचूप वरुणाचं एक अनुष्ठान करीत. कुठल्याशा जुन्या पोथीत ते त्यांना सापडलं होतं. सुपारीवर वरुणाचं आवाहन करायचं आणि मोठ्या पळीने एकशे आठ वेळा पाणी घालायचं. पोटभर पाणी प्यालेला वरुण मग वर आभाळात गडबड करीत नाही, असं पोथीत लिहिलं होतं. "दार कशाला लावता?" असं वेणूबाईंनी विचारल्यावर "जप" एवढंच उत्तर मिळालं. या पाण्याचं तीर्थ झालेलं असे. तीर्थ कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून शास्त्रीबुवा ते कळशीभर पाणी परसाच्या अगदी कोपऱ्यात, जिथे कुणी जात नसे तिथे, ओतून येत. त्या कोपऱ्यात कांदा होता. एक महिना हे रोज चाललं होतं, आणि चार शास्त्रं शिकलेल्या या माणसाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते तीर्थ होतं. पाणी नव्हतंच.

दांडा मोडून टाकावा असं पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं. पण फुलाचं नाव विष्णूच्या चक्राचं, आणि झाड वेणूबाईंचं. विष्णूची समजूत काढता आली असती. शेवटी त्यांनी आंब्याची रिकामी टोपली आणली आणि दांड्यावर उपडी घातली.

"तिथं टोपली कशाला?" मागून वेणूबाईंनी विचारलं.

"ऊन लागतं गं त्याला."

"तीन उन्हाळे झाले, कांद्याला ऊन लागतं का म्हणून कधी विचारलं नाहीत."

"यंदाचं ऊन जास्त आहे."

"मला नाही लागत वाटतं," असं म्हणून वेणूबाई विहिरीवर गेल्या.

त्या जातात न जातात तोच भिंतीवरून शेजारच्या म्हाळसाकाकूंचं डोकं वर आलं. काकूंच्या घरी त्या दिवशी पाच पायल्यांचा चीक शिजायचा होता. त्यांची नजर कोपऱ्यात गेली आणि टोपलीवर थांबली.

"शास्त्रीबुवा, टोपलीखाली काय?"

"आंबे," शास्त्रीबुवा म्हणाले. "पिकत घातलेत."

"मातीत?"

"मातीत लवकर पिकतात."

काकूंनी घागर उचलली. त्याही विहिरीवर गेल्या. विहिरीवर वेणूबाईंचं ऊन आणि काकूंचे आंबे यांची गाठ पडली. एका टोपलीला दोन कारणं म्हटल्यावर आळीतल्या बायकांना तिसरं, खरं कारण काढायला कितीसा वेळ लागणार? दांडा आलेला दिसतोय. त्याशिवाय झाकायचं कशाला? पण नुसता पाऊस येणार असता तर शास्त्रीबुवांनी झाकला नसता; पावसाने फुलाला काही होत नाही. टोपली घातली आहे, ती वरून काहीतरी टणक पडणार म्हणून.

"गारा," म्हाळसाकाकू म्हणाल्या, आणि घागर अर्धी भरलेली तशीच उचलून घराकडे निघाल्या.

दुपारपर्यंत आळीतल्या एकाही माळवदावर एक कुरडई राहिली नाही. पापड आत गेले, सांडगे आत गेले, लोणच्याच्या फोडी आत गेल्या. ते पाहून पलीकडच्या आळीने विचारलं, आणि मग तिनेही वाळवण उचललं. कुंभाराने कच्ची मडकी आत ओढली. नदीवर धोब्यांनी पिळे न सुकवताच बांधले. सगळ्यात मजा म्हणजे गारांची ही बातमी कांद्याच्या नावावर राहिलीच नाही. यज्ञेश्वरशास्त्र्यांनी स्वतः टोपली घातली, म्हणजे यज्ञेश्वरशास्त्री म्हणतात गारा पडणार, असं होत होत ती सर्जेरावांच्या मैदानावर पोचली. तिथे दत्तोबा मांडववाला खांबावर चढून कनात ताणत होता. तो खाली उतरला आणि ताणलेले दोर सोडायला लागला.

तिसऱ्या प्रहरी सर्जेरावांचा स्वार शास्त्रीबुवांच्या दारात उभा राहिला. "सरकारांनी बोलावलंय. असाल तसे चला."

सर्जेराव ओसरीवर बसले होते. तोफेसमोर न डगमगणारा हा माणूस दोनच गोष्टींना भीत असे, आपल्या बायकोला आणि लग्नातल्या पावसाला.

"बसा शास्त्रीबुवा," ते म्हणाले. "टोपली कशाची?"

"गाय तोंड घालते, म्हणून..."

"थांबा. बायकोला ऊन सांगितलंत, शेजारणीला आंबे, मला गाय. आणखी पेठेत कुणाला काही सांगितलं असेल तर तेही ऐकून घेतो. मग एक खरं द्या."

शास्त्रीबुवांनी मान खाली घातली. "दांडा आलाय सरकार. पण झाडाला काय कळतं? माझं गणित पक्कं आहे. पौर्णिमेपर्यंत थेंब नाही."

"गणित पक्कं, मग झाकलंत कशाला?"

शास्त्रीबुवा उपरणं सारखं करू लागले. सर्जेरावांनी मिशीवरून हात फिरवला. "मग आता मांडव पाडू काय? वऱ्हाड वाघोलीपर्यंत येऊन उतरलंय. त्यांना काय सांगू, माघारी जा, शास्त्रीबुवांच्या परसात कांदा उगवलाय? तो कांदा ज्यानं दिला त्याला बोलवा."

गेनबा माळी भाजी घेऊन त्या दिवशी पेठेतच आला होता. त्याला घेऊन सगळी वरात शास्त्रीबुवांच्या परसात आली. पुढे सर्जेराव, मागे शास्त्रीबुवा, त्यांच्यामागे दत्तोबा, आणि भिंतीवर म्हाळसाकाकूंसकट अर्धी आळी. गेनबाने टोपली उचलली. आत दांडा सकाळपेक्षा चार बोटं वर गेला होता. भिंतीवर जरा कुजबुज झाली.

गेनबाने दांड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने खाली बसून मातीत बोट घातलं, ते दुसऱ्या पेरापर्यंत घातलं आणि बाहेर काढून वास घेतला.

"हिथं कुनीतरी रोज पानी घालतंय," तो म्हणाला.

"त्याचं काय?" सर्जेरावांनी विचारलं.

"सरकार, ह्यो कांदा लई बेरका हाय. चैत-वैशाखातल्या हवेचा त्याला काडीचा भरवसा न्हाई. आज ऊन, उद्या वळीव, परवा गारा. म्हनून सगळी शिदोरी खाली जिमिनीत ठिवतो अन् वर मेल्यावानी पडून ऱ्हातो. खाली ओल लागली की त्याला वाटतं, आला वळीव. मंग दांडा काढतो. गारांनी दांडा मोडला तरी खालचं शाबूत असतंय; पुन्यांदा ओल लागली की दुसरा काढतो. त्याचं काय बिघडत न्हाई."

"म्हणजे पाऊस येणार की नाही?"

"ते मला काय ठावं? दर साली आधी ढगाळतं, कुठंतरी लांब शितोडा पडतो, जिमीन दमट होती, ते त्याला आधी कळतं. औंदा पावसानं न्हाई, मान्सानं फशिवलंय त्याला. कळशी-कळशी वतलीया कुनीतरी."

सगळ्यांच्या माना वेणूबाईंकडे वळल्या.

"माझ्याकडे बघू नका," त्या म्हणाल्या. "हौदाला पाणी नाही म्हणून मी भांडी राखेनं कोरडी घासते. कांद्याला कुठून घालू?" आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "जप कुठं ओतता आपण?"

शास्त्रीबुवा मोठ्या पेचात सापडले. खरं सांगावं तर कांदा खोटा ठरतो, गारा खोट्या ठरतात आणि त्यांचा शब्द वाचतो. पण खरं सांगावं तर पाणी का ओतलं तेही सांगावं लागतं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. तिथे एक ढग नव्हता.

"तीर्थ आहे ते," ते हळूच म्हणाले.

"कसलं तीर्थ?" सर्जेराव.

"अनुष्ठानाचं."

"कसलं अनुष्ठान?"

"वरुणाचं."

"कशासाठी?"

"पाऊस पडू नये म्हणून," शास्त्रीबुवा इतक्या बारीक आवाजात म्हणाले, की भिंतीवरच्या पुढच्या रांगेला ते मागच्या रांगेला पुन्हा सांगावं लागलं.

"म्हणजे," सर्जेराव एकेक शब्द सुटा करीत म्हणाले, "पाऊस पडणार नाही असं मला सांगितलंत, आणि घरी येऊन दार लावून तो पडू नये म्हणून महिनाभर पाणी घालत बसलात."

शास्त्रीबुवांना आपलं पंचांग, आपली पगडी आणि पाडव्याची बैठक हे सगळं नदीतून वाहत चाललेलं दिसलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"शाबास," सर्जेराव म्हणाले.

शास्त्रीबुवांनी एक डोळा उघडला.

"ह्याला म्हणतात काम. नुसतं तोंडानं सांगून मोकळे झाले नाहीत, बंदोबस्त केला. आमच्या पदरची माणसं बघा, गनीम येणार नाही म्हणतात आणि झोपतात." ते दत्तोबाकडे वळले. "दोर बांध परत. आणि शास्त्रीबुवा, उद्यापासून दुप्पट."

"सरकार, पोथीत एकशे आठ पळ्याच..."

"तोफेत दारू किती ठासायची ते आम्ही पोथीत बघत नाही. लग्नापर्यंत दुप्पट. पाणी मी पाठवतो."

आणि खरोखरच पाणी आलं. वाड्याच्या हौदातलं पाणी कावडीने वाहायला एक ब्राह्मण पाणक्या नेमला गेला. दारात दोन शिपाई बसले; आत सोवळं असल्यामुळे ते बाहेरूनच पळ्या मोजत. शास्त्रीबुवा तीन दिवस सकाळ-दुपार पळी हलवीत होते. त्यांचा खांदा भरून आला. तीर्थ पूर्वीसारखंच कोपऱ्यात जात होतं, कारण दुसरीकडे ओतायला शिपायांनी मनाई केली. चालू असलेली मोर्चेबंदी मध्येच बदलायची नसते, असं त्यांचं म्हणणं पडलं.

कांद्याला वाटलं, आता आषाढच लागला. त्याने आणखी दोन दांडे काढले. सप्तमीला तिन्ही दांड्यांवर पांढरीशुभ्र, मधे गुलाबी रेघ असलेली फुलं लटकत होती आणि वर आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख होतं.

"तुमच्या कांद्याचं डोकं फिरलं का हो वेणूबाई?" म्हाळसाकाकूंनी भिंतीवरून विचारलं.

"कांद्याचं नाही," वेणूबाई म्हणाल्या.

लग्न झकास झालं. हजार पानं उठली, वाघोलीहून आलेलं वऱ्हाड तृप्त झालं, पावसाचा थेंब पडला नाही. शास्त्रीबुवा मांडवात छाती काढून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा पावसाबद्दलचं त्यांचं भाकीत खरं ठरत होतं, आणि कुणीतरी येऊन तसं म्हणेल म्हणून ते वाट पाहत होते. लोक येत होते, पाया पडत होते आणि म्हणत होते, "काय बांधलात हो पाऊस." म्हाळसाकाकूंनी तर कांद्याचं नावच टाकलं. त्यांनी पाच पायल्यांच्या कुरडया बेधडक माळवदावर पसरल्या. शास्त्रीबुवांनी पाऊस धरून ठेवलाय, मग भीती कसली?

"मी बांधला नाही," शास्त्रीबुवा प्रत्येकाला सांगत. "तो पडणारच नव्हता. मी पाडव्यालाच सांगितलं होतं." लोक हसत आणि त्यांच्या विनयाचं कौतुक करीत. शास्त्रीबुवांना मनापासून वाईट वाटलं. चुकलेली भाकितं लोकांना तिथीवार पाठ होती, आणि हे एक बरोबर आलेलं, ते कुणी हिशेबातच धरायला तयार नव्हतं.

द्वादशीला सर्जेरावांनी त्यांना बोलावून शेला दिला, नारळ दिला आणि म्हणाले, "तयारीला लागा. यंदाच्या पावसाळ्यात आमची छावणी तुंगभद्रेकाठी आहे. आपण बरोबर यायचं."

"मी? छावणीत काय करू सरकार?"

"पळी हलवायची. गेल्या साली चार महिने तंबूत गुडघाभर पाणी. घोड्यांचे खूर कुजले, दारू भिजली, माझ्या अंथरुणात बेडूक. सगळ्या मुलुखात नका थांबवू, शेतकऱ्यांची हाय लागेल. आमच्या छावणीपुरता आवरा."

शास्त्रीबुवा जन्मात वाघोलीच्या पलीकडे गेले नव्हते, आणि वाघोलीलाही एकदाच, श्राद्धाच्या जेवणाला. भर श्रावणात तुंगभद्रेकाठी पाऊस थांबवायचा, आणि नाही थांबला तर शंभर घोडेस्वारांसमोर उत्तर द्यायचं, या विचाराने त्यांनी मिळालेला नारळ परत पुढे केला. "सरकार, ती शक्ती माझ्यात नाही. ते नुसतं गणित होतं."

"गणित सगळ्यांचंच असतं," सर्जेराव म्हणाले. "पौर्णिमा झाली की निघू."

घरी येईपर्यंत शास्त्रीबुवांच्या लक्षात आलं होतं, की आता एकच सुटका आहे. पौर्णिमेच्या आत पाऊस पडला पाहिजे. चांगला सडकून, सर्जेरावांच्या डोळ्यांदेखत. भाकीत चुकेल, पंचांग सुटेल, लोक हसतील. हसू देत. निदान घरच्या अंथरुणात बेडूक येणार नाही. त्यांनी पळी फडताळात टाकली आणि दिवसभर ओट्यावर बसून आभाळाकडे आशेने पाहू लागले.

त्रयोदशीला सकाळी ओट्यावर त्यांच्या शेजारी गेनबा येऊन बसला. बरोबर हडपसरचे सहा शेतकरी होते.

"शास्त्रीबाबा, लगीन पार पडलं न्हवं?" गेनबा म्हणाला. "आता सोडा."

"काय सोडू?"

"पाऊस. जिमीन दगडावानी झालीया. नांगर लागंना. एक वळीव झाला तर ढेकळं फुटतील."

"अरे बाबांनो, मी बांधलेला नाही," असं म्हणून शास्त्रीबुवांनी त्यांना रवी, राहू, नक्षत्र, सगळं समजावून सांगितलं. सातही जणांनी मान डोलवीत ऐकून घेतलं.

"बरुबर हाय," गेनबा म्हणाला. "आता सोडा."

दोन प्रहर झाले. माणसं हलेनात. वेणूबाईंनी त्यांना गूळपाणी दिलं, मग पन्हं दिलं, मग बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "आता जेवायला वाढू का सगळ्यांना? की सोडताय?"

शास्त्रीबुवांचा संयम सुटला. त्यांनी हात झटकला. "बरं, सोडला. जा. सोडला मी पाऊस. झालं समाधान?"

"झालं," म्हणून सातही जण उठले, पाया पडले आणि हडपसरच्या वाटेला लागले.

चतुर्दशीला दुपारी पर्वतीच्या मागून काळं आलं. आधी धूळ उडाली, मग दारं आपटली आणि मग असा वळीव कोसळला, की पागेतली घोडी दावणी तोडायला लागली. पाठोपाठ सुपारीएवढ्या गारा. माळवदावर पाच पायल्यांच्या कुरडयांचा पुन्हा चीक झाला. म्हाळसाकाकू भिंतीवरून शास्त्रीबुवांच्या नावाने काहीतरी म्हणत होत्या, पण गारांच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. कोपऱ्यातले तिन्ही दांडे आडवे झाले, फुलांच्या चिंध्या झाल्या. मातीखाली कांदा खुशाल पाणी पीत होता.

शास्त्रीबुवा ओट्यावर उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं होतं. पौर्णिमेला एक दिवस बाकी. एक दिवस. भाकीत साफ चुकलं होतं. ते पगडी नाही, उपरणं नाही, तसेच गारा झेलीत वाड्याकडे धावत सुटले. पेठेतल्या लोकांनी शास्त्रीबुवांना धावताना पहिल्यांदाच पाहिलं.

सर्जेराव ओसरीवर पाऊस बघत बसले होते. खाली पायरीवर गेनबा होता. तो शेवग्याच्या शेंगा घेऊन आला आणि पावसात अडकला होता.

"सरकार, चुकलं," शास्त्रीबुवा धापा टाकत म्हणाले. त्यांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. "माझं भाकीत चुकलं. पौर्णिमेपर्यंत थेंब नाही म्हणालो होतो. हा बघा, पडला. मी हरलो. पंचांग आजपासून बंद. माझ्या हातात काही नाही, हे आपण डोळ्यांनी पाहिलंत."

"बसा, पुसून घ्या अंग," सर्जेराव शांतपणे म्हणाले. "काल गेनबाला काय सांगितलंत?"

शास्त्रीबुवांचं हसू जरा आत गेलं. "काल... त्यांची समजूत काढायला..."

"सोडला म्हणालात की नाही?"

"म्हणालो. पण ते आपलं..."

"कधी म्हणालात?"

"काल दुपारी."

"आणि पडला कधी?"

"आज दुपारी."

"बोला पुढं."

शास्त्रीबुवांनी गेनबाकडे पाहिलं. गेनबाने पायरीवरूनच त्यांना भक्तिभावाने हात जोडले.

"आम्हाला वाटलं होतं, आपल्याला नुसता बांधता येतो," सर्जेराव म्हणाले. "सोडताही येतो म्हणजे मग प्रश्नच मिटला. गनिमाच्या छावणीवर सोडू. परवा पहाटे निघायचं. आपल्यासाठी तट्टू गरीब निवडलंय."

दुसऱ्या दिवशी वेणूबाई वळकटी बांधत होत्या. धोतरं झाली, पंचपात्र झालं, पळी त्यांनी आठवणीने सगळ्यात वर ठेवली. शास्त्रीबुवा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. शिंका येत होत्या.

"ती जाडी घोंगडी घाल गं," ते खोल आवाजात म्हणाले. "तिकडे चार महिने पाऊस असतो."

वेणूबाईंनी घोंगडी हातात घेतली, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि ती परत खुंटीला अडकवली.

"आपण असताना?" त्या म्हणाल्या.